कारखान्याच्या दाराशी मैदान

ठाण्यात रिक्षात बसून नुसते ‘कॅडबरी’ म्हटले, तरी रिक्षावाला पुढचे काही विचारत नाही. नाक्याचे नावच ते आहे. मराठी घरांत तर हा शब्द केव्हाच सामान्यनाम होऊन बसला. चॉकलेट कोणत्याही कंपनीचे असो, पोर हट्ट धरते ते कॅडबरीसाठी. हे एका घराण्याचे आडनाव आहे, त्या घराण्यात जॉर्ज नावाचा एक हट्टी, धार्मिक आणि काहीसा विक्षिप्त माणूस होऊन गेला, हे मात्र कागद उलगडताना कुणाच्या ध्यानीमनी नसते. या माणसाने चॉकलेट विकून अमाप पैसा मिळवला, यात नवल नाही. नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. कामगाराने काम संपल्यावर काय करावे, या प्रश्नाने त्याला आयुष्यभर छळले आणि त्याचे उत्तर म्हणून त्याने कारखान्याला लागून क्रिकेटचे मैदान, पोहण्याचे तलाव आणि बागांचे एक अख्खे गाव उभे केले.

जॉर्ज कॅडबरीचा जन्म १९ सप्टेंबर १८३९ चा, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहराजवळच्या एजबॅस्टनचा. वडील जॉन यांनी १८२४ मध्ये बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि कोकोचे दुकान थाटले होते. पुढे दुकानाचा कारखाना झाला. घर क्वेकर पंथाचे. हा ख्रिस्ती धर्मातला एक लहानसा पंथ. त्यांच्यात पुरोहित नाही, प्रार्थनामंदिरात सजावट नाही. मंडळी एकत्र येऊन शांत बसतात. कुणाला आतून बोलावेसे वाटले तर बोलतो, एरवी सारे मौन. युद्धाला विरोध, शपथ घ्यायला विरोध, दारूला विरोध. त्यामुळे सैन्याची वाट बंद, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारेही या पंथाला दीर्घकाळ बंदच होती. उरला तो व्यापार. तोही सचोटीचा, एकच भाव सांगणारा. इंग्लंडातली फ्राय, राऊंट्री आणि कॅडबरी ही तिन्ही मोठी चॉकलेट घराणी क्वेकरांची निघावीत, याचे कारण हेच. दारूला पर्याय म्हणून गरम कोकोचा पेला लोकांच्या हाती द्यावा, हा त्यात धर्मकार्याचाही भाग होता.

जॉर्ज किशोरवयात असतानाच आई गेली. वडील खचले, प्रकृतीही ढासळली आणि धंद्याकडे दुर्लक्ष झाले. राणी व्हिक्टोरियाला कोको पुरवण्याचा मान मिळालेला कारखाना काही वर्षांत डबघाईला आला. १८६१ मध्ये थोरला भाऊ रिचर्ड आणि एकवीस वर्षांचा जॉर्ज यांनी तो हाती घेतला. आईकडून वारशाने आलेले चार-चार हजार पौंड प्रत्येकाने त्यात ओतले. पहिली काही वर्षे नुसता तोटा. जॉर्जने वर्तमानपत्र बंद केले, चहा सोडला, अंगावरच्या कपड्यांवरचा खर्च आखडला. धंदा बुडालाच तर पुढे काय, याचाही विचार दोघा भावांनी करून ठेवला होता. रिचर्ड जमिनींची मोजणी करणार होता आणि जॉर्ज हिंदुस्थानात येऊन हिमालयाच्या पायथ्याशी चहाचा मळा लावणार होता! तसे झाले असते तर दार्जिलिंगच्या बाजूला आणखी एक गोरा मळेवाला वाढला असता आणि आमची पोरे कसल्यातरी दुसऱ्याच नावाने चॉकलेट मागत असती.

भावांना वाचवले ते हॉलंडमधल्या एका यंत्राने. त्या काळचा कोको म्हणजे अर्धे पिठूळ प्रकरण असे. कोकोच्या बियांत चरबी फार. ती शोषली जावी म्हणून बटाट्याचे पीठ, साबुदाणा, काकवी असे काहीबाही त्यात मिसळत. व्हान हौटेन या डच कंपनीकडे ती चरबी दाबून काढणारे यंत्र होते. जॉर्ज हॉलंडला गेला. डच भाषेचा गंध नव्हता. खाणाखुणा आणि शब्दकोश यांच्या बळावर सौदा करून त्याने यंत्र आणले. १८६६ मध्ये निव्वळ कोकोची पूड बाजारात आली. पुढे भेसळीविरुद्ध कायदे झाले आणि शुद्ध मालाची जाहिरात सरकारनेच केल्यासारखे झाले. कारखाना तरला.

पण ही झाली धंद्याची गोष्ट. जॉर्जची खरी शाळा दुसरीकडे चालू होती. वयाच्या विसाव्या वर्षापासून तो दर रविवारी भल्या पहाटे उठून बर्मिंगहॅमच्या सेव्हर्न स्ट्रीटवरच्या प्रौढशाळेत शिकवायला जात असे. तिथे येणारे विद्यार्थी म्हणजे मजूर, कारागीर आणि कधीकधी तुरुंगातून सुटून आलेले लोक. त्यांना लिहिता-वाचता यावे, बायबल वाचता यावे, हा हेतू. ‘वर्ग क्रमांक १४’ हा त्याचा वर्ग. जवळजवळ पन्नास वर्षे त्याने तो चालवला. कारखानदार म्हणून नाव झाल्यावरही रविवारची ही फेरी चुकली नाही. सायकलवर टांग टाकून स्वारी निघायची.

विद्यार्थी आजारी पडला की मास्तर त्याच्या घरी जात. आणि घर म्हणजे काय? एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्यांची रांग, मधे एक ओले अंगण, सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ आणि दोन-तीन संडास. मागच्या भिंतीला खिडकी नाही, कारण तिथे दुसऱ्याचे घर. दहा-बारा तास राबून आलेला गडी अशा खोलीत बसणार तरी कुठे? कोपऱ्यावर दारूचा गुत्ता असे. तिथे ऊब, उजेड आणि चार सोबती मिळत. त्या काळातले बहुतेक समाजसुधारक मजुराला दारू सोडण्याचा उपदेश करून घरी जात. जॉर्जही दारूच्या विरोधातच होता, पण त्याच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. गुत्त्यात माणूस पेल्यासाठी जेवढा जातो तेवढाच सोबतीसाठी जातो. सोबतीची दुसरी जागा दिल्याशिवाय पहिली सुटायची नाही.

ब्रिज स्ट्रीटवरच्या जुन्या कारखान्यात जागा मुळातच तुटपुंजी होती. तरीही शनिवारी अर्धा दिवस सुटी देणाऱ्या बर्मिंगहॅममधल्या पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. मालक स्वतः पोरांबरोबर क्रिकेट आणि फुटबॉल खेळत. सकाळी कामाला सुरुवात होण्यापूर्वी प्रार्थना होई आणि संध्याकाळी सुटल्यावर चेंडू निघे. मालक-नोकर या नात्यात हा सलगीचा प्रकार तेव्हा बराच चमत्कारिक वाटला असेल. कामगार मोजकेच होते. सगळ्यांची नावे आणि घरची हकिगत मालकांना ठाऊक असे.

धंदा वाढला आणि जागा पुरेना. १८७८ मध्ये भावांनी शहराच्या दक्षिणेला चार मैलांवर साडेचौदा एकर रान घेतले. बर्न नावाचा ओढा, जवळून जाणारा कालवा आणि रेल्वे, बाकी नुसती कुरणे. फ्रान्सचे चॉकलेट तेव्हा उंची मानले जाई, म्हणून ओढ्याच्या नावाला फ्रेंच शेपूट लावून जागेचे नाव केले बोर्नव्हिल. १८७९ मध्ये कारखाना तिथे गेला तेव्हा कामगार होते सुमारे २३०. दहा वर्षांत ते हजाराच्या वर गेले आणि शतक संपताना अडीच हजार ओलांडून गेले. निम्म्याहून अधिक मुली आणि बायका.

कारखाना शहराबाहेर न्यायचा म्हणजे वेडेपणा, असे व्यापारी मंडळींचे मत होते. कामगार येणार कसे? भावांनी रेल्वे कंपनीकडून सवलतीची तिकिटे मिळवली. जेवण गरम करायला स्वयंपाकघर ठेवले, ओले कपडे वाळवायला आणि बदलायला खोल्या बांधल्या. आणि इमारतीच्या भिंती पुऱ्या होतात न होतात तोच पुरुषांसाठी मैदान आखले, मुलींसाठी झाडे, झोपाळे आणि बाग केली. जेवणाच्या सुटीत तिथे धावता यावे, बसता यावे, गप्पा मारता याव्यात, एवढाच सुरुवातीचा बेत होता. ‘बागेतला कारखाना’ म्हणून त्याची ख्याती झाली आणि कंपनीने तिचा जाहिरातीत पुरेपूर उपयोग करून घेतला, हेही सांगायला हवे. पांढऱ्या झग्यातल्या हसऱ्या मुली हिरवळीवर खेळताहेत, अशा चित्रांनी कोकोचा खप वाढतच होता. पुण्याचा असा रोखीतला परतावा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चालले होते? मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याच्या सुटीचा पत्ता नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० च्या जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. बोर्नव्हिलच्या पोरी मैदानावर खेळत होत्या तेव्हा परळचा कामगार विसाव्याचा एक दिवस मागत होता. तो मिळाल्यावर त्याने त्याचे काय केले, हे मात्र गिरणगावाने आपल्या पद्धतीने दाखवून दिले. तालमी निघाल्या, गावकऱ्यांचे गाळे झाले, लेझमीचे आणि भजनाचे ताफे उभे राहिले. तिथे कोणा दयाळू मालकाने मैदान आखून दिले नव्हते. साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा नवखा पोरगा मुंबईत उतरला की गावच्या गाळ्यात त्याची वळकटी पडे आणि गाववालाच त्याला तालमीत घेऊन जाई. सोबत आधी, व्यायाम मागून. जॉर्जला जे पैसे खर्चून आणि नकाशे काढून उभारावे लागले, ते इथे गावच्या नात्याने आपसूक जमले. आपसूक जमलेल्या गोष्टींचा हिशेब कुणी ठेवत नाही. म्हणून बोर्नव्हिलवर ग्रंथ निघाले आणि आमच्या तालमी आठवणींतच राहिल्या.

रिचर्ड १८९९ मध्ये यरुशलेमच्या प्रवासात घटसर्पाने गेला. दोघा भावांची अडतीस वर्षांची जोडी फुटली. कारखाना आता खाजगी कंपनी झाला, जॉर्ज तिचा अध्यक्ष झाला आणि दोघांची मुले कारभारात आली. मैदानाच्या कामाला याच काळात खरा वेग आला. पुरुषांचा क्रीडा संघ १८९६ मध्ये निघाला होता. पाठोपाठ मुलींचाही निघाला. शेजारच्या एका जुन्या वाड्याची बागच्या बाग कंपनीने मुलींच्या खेळासाठी राखून ठेवली. पुरुषांच्या मैदानावर १९०२ मध्ये पॅव्हिलियन बांधले गेले. मुलींसाठी बंदिस्त तरणतलाव झाला, व्यायामशाळा झाली, शिकवायला बायकाच नेमल्या. हॉकी, क्रिकेट, टेनिस, नेटबॉल असे खेळ, आणि विभागाविभागांत सामने. चॉकलेट भरणाऱ्या मुली विरुद्ध खोकी करणाऱ्या मुली!

अठरा वर्षांखालील मुलामुलींना व्यायाम सक्तीचा होता, आणि तो कामाच्या वेळेत. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास यंत्र सोडून कवायतीला किंवा पोहायला जायचे. मजुरी कापायची नाही. कारखानदाराच्या चोपडीत हा शुद्ध तोटा. जॉर्ज आणि त्याचा मुलगा एडवर्ड यांचे गणित वेगळे होते. दिवसभर वाकून एकाच हालचालीने चॉकलेटची डबी भरणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीची पाठ आणि छाती पाच वर्षांत काय होईल, हे त्यांनी पाहिले होते. निरोगी हात चपळ चालतात, हेही त्यांना चांगले कळत होते. दया आणि हिशेब या माणसाच्या डोक्यात कधी वेगळ्या कप्प्यांत राहिले नाहीत. त्याच्या टीकाकारांना हे ढोंग वाटले. मला ते ढोंग वाटत नाही. ढोंगी माणूस एकतर दया लपवतो किंवा हिशेब. जॉर्ज दोन्ही उघड्यावर मांडत असे.

या मैदानांचे यश कशात होते? मैदाने तर पुढे अनेक कारखान्यांनी केली आणि त्यातल्या कित्येकांवर गवत वाढले. बोर्नव्हिलमध्ये ती भरली, कारण तिथे माणूस एकटा खेळायला जात नव्हता. एकाच गाडीने येणाऱ्या, एकाच बाकावर काम करणाऱ्या, एकत्र डबा खाणाऱ्या मुलींचा संघ असे. आज एखादी आली नाही तर उद्या बाकावर तिला विचारणारे कोणी असे. संघांचे कारभार कामगारच बघत. कंपनी जागा देई, वर्गणी आणि समित्या त्यांच्या. गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांत कामगारांच्या फावल्या वेळातल्या व्यायामाच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांचा सूर साधारण असाच आहे. ज्याला घरचे आणि बरोबरचे लोक साथ देतात, तो चालायला, खेळायला बाहेर पडण्याची शक्यता अधिक. नुसत्या उपदेशाने कोणी उठत नाही, हे सकाळी फिरायला जाण्याचा संकल्प सोडलेल्या प्रत्येकाला वेगळे सांगायला नको. बैठे काम शरीराचे काय करते, हे विज्ञानाला ठामपणे सांगता आले तेही बरेच उशिरा. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक, आणि जिन्यावरून वर-खाली करणाऱ्या वाहकांना कमी, असे दिसले. जॉर्जकडे असले आकडे नव्हते. वर्ग क्रमांक १४ मधल्या खंगलेल्या माणसांच्या आठवणी तेवढ्या होत्या.

मैदानापाठोपाठ घरांचा विषय निघालाच. १८९३ मध्ये त्याने कारखान्याजवळची १२० एकर जमीन स्वतःच्या पैशाने घेतली आणि १८९५ पासून घरे बांधायला सुरुवात केली. विल्यम हार्वे या तरुण वास्तुशिल्पकाराने ती आखली. घराने जागेचा चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भाग व्यापायचा नाही, बाकीची बाग, असा दंडक. भाडेकरू येण्याआधीच बाग खणून तयार ठेवायची, मागच्या बाजूला फळझाडे लावून द्यायची. जॉर्जच्या लेखी बागकाम हा सर्वांत उत्तम व्यायाम होता. संध्याकाळी माणूस कुदळ घेऊन उभा राहिला की अंगाला कष्ट, ताटाला भाजी आणि कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी चार शब्द, ही तिन्ही कामे एकदम होतात. गुत्त्याला याहून चांगले उत्तर त्याला सापडले नाही. गावात त्याने गुत्ता येऊच दिला नाही.

आणि हे गाव फक्त आपल्या कामगारांसाठी नाही, हा त्याचा आग्रह होता. पहिल्या रहिवाशांत कॅडबरीचे कामगार निम्म्याहूनही कमी होते. १९०० मध्ये सुमारे ३१३ घरे आणि ३३० एकर जमीन त्याने एका न्यासाच्या हवाली केली. आपल्या पोरांना त्यातून एक पैसा मिळू नये, नफा होईल तो पुन्हा घरांतच जावा, असे कागदोपत्री बांधून टाकले. अकरा मुलांचा बाप होता हा. पहिली पत्नी मेरी १८८७ मध्ये वारली. दुसरी एलिझाबेथ हिच्याशी १८८८ मध्ये विवाह झाला. या बाई नवऱ्याइतक्याच खमक्या. शाळा, मुलांची तपासणी, बायकांच्या संस्था हा बोर्नव्हिलचा अर्धा व्याप त्यांच्या खांद्यावर होता आणि नवऱ्यामागे जवळजवळ तीस वर्षे त्यांनी तो पेलला.

बोर्नव्हिलची मुले आणि बर्मिंगहॅमच्या गलिच्छ वस्तीतली मुले यांची उंची-वजने मोजून तुलना झाली, तेव्हा बोर्नव्हिलची मुले उंच आणि वजनदार भरली. मृत्युदरही कमी निघाला. या आकड्यांचा मोठा गाजावाजा झाला. थोडे सबुरीने घ्यायला हवे. बोर्नव्हिलचे भाडे परवडणारा माणूस म्हणजे पक्की नोकरी असलेला कारागीर किंवा कारकून. वस्तीतल्या सर्वांत गरिबाला ते गाव दूरच राहिले. बाग आणि मैदान यांचे श्रेय किती आणि वेळेवर मिळणाऱ्या पगाराचे किती, हे त्या मोजपट्टीतून कळत नाही. तरी शहरांच्या आखणीचे शास्त्र ज्यांनी पुढे घडवले त्यांनी बोर्नव्हिल येऊन पाहिले, हे खरेच. आपल्याकडे जमशेटजी टाटांनी १९०२ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात नियोजित पोलाद-नगरात रुंद रस्ते, सावलीची झाडे आणि फुटबॉल-हॉकीला मोठ्या जागा ठेवण्याविषयी बजावले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर वाडी वसवली. त्या काळाच्या हवेतच ही कल्पना होती.

आता त्या गावची दुसरी बाजू. जॉर्जने भाडेकरूंसाठी आरोग्याच्या नियमांचे एक पत्रक छापले होते. पहाटे उठा, नाकाने श्वास घ्या, गार पाण्याने अंग धुवा, मोकळ्या हवेत चाला, दारू-तंबाखूला शिवू नका. झोपायला जोडपलंग नको, एकेकटे पलंग हवेत, असाही सल्ला त्यात होता. चहाच्या पत्तीवर पाणी तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, हेही! दूध-साखर घालून चहा खळखळा उकळणाऱ्या आपल्या बायाबापड्यांचे या मालकाशी दोन दिवसही पटले नसते. घर तुमचे, नोकरी तुमची, पण झोपणे आणि चहासुद्धा माझ्या पद्धतीने, असा हा प्रकार.

पत्रकावर हसून सोडून देता येईल. कारखान्यातल्या नियमांचे तसे नाही. मुलींना आणि पुरुषांना वेगवेगळी दारे, वेगवेगळ्या वेळा. आणि लग्न झाले की मुलीने नोकरी सोडायची. आईची जागा घरात, अशी मालकाची धारणा. लग्नाच्या दिवशी भेट म्हणून बायबल मिळे आणि त्याच दिवशी संघ, तलाव, मैत्रिणींचा घोळका सारे संपे. जी मुलगी सात-आठ वर्षे हॉकी खेळली, पोहायला शिकली, तिला वयाच्या चोविसाव्या वर्षी एकदम चार भिंतींत बसायचे. ती बाग खणेल, हे ठीक. पण बाकावरची सोबत तुटली ती तुटलीच. जॉर्जच्या साऱ्या कामातला हा सर्वांत मोठा दोष मला वाटतो, कारण तो त्याच्याच विचाराशी विसंगत होता. माणसाला माणसाची साथ हवी, हे ज्याने ओळखले, त्यानेच बायकांच्या बाबतीत ती अर्ध्यावर तोडली.

आणि एक प्रकरण याहून काळे. नव्या शतकाच्या आरंभी कॅडबरीच्या कोकोपैकी जवळपास निम्मा आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या पोर्तुगीज बेटावरून येई. तिथल्या मळ्यांवर अंगोलातून पकडून आणलेले मजूर राबत. कागदावर करार, प्रत्यक्षात गुलामी. गेलेला माणूस परत येत नसे. १९०१ मध्ये ही कुणकुण कंपनीला लागली. पुतण्या विल्यम लिस्बनला जाऊन आला, १९०५ मध्ये जोसेफ बर्ट याला चौकशीला पाठवले, त्याने सारे खरे असल्याचे कळवले. ब्रिटिश परराष्ट्र खाते मात्र थांबा म्हणत राहिले, कारण दक्षिण आफ्रिकेच्या खाणींना पोर्तुगीज मुलखातलेच मजूर हवे होते. कंपनी थांबली. मार्च १९०९ मध्ये तिने फ्राय आणि राऊंट्री यांच्यासह त्या बेटाचा कोको घेणे बंद केले, तोवर आठ वर्षे गेली होती. १९०८ मध्ये एका लंडनच्या वर्तमानपत्राने हे ढोंग असल्याचे छापले. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! ज्यूरीला काय म्हणायचे होते ते त्या एका नाण्यात आले. बर्मिंगहॅमच्या मुलीची पाठ वाकू नये म्हणून झटणाऱ्या माणसाला समुद्रापलीकडच्या पाठी वेळेवर दिसल्या नाहीत, किंवा दिसल्या तरी त्याने धीर धरला. यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

या माणसाचे व्याप तरी किती! १९०१ मध्ये त्याने ‘डेली न्यूज’ हे दैनिक घेतले ते बोअर युद्धाला विरोध करता यावा म्हणून. घरी बसून कवडीमोलाने काम करणाऱ्या बायकांचे हाल दाखवणारे प्रदर्शन त्या पत्राने १९०६ मध्ये भरवले. म्हाताऱ्यांना सरकारने पेन्शन द्यावे या चळवळीला पैसा पुरवला. १९०८ मध्ये तसा कायदा झाला. त्याआधी १९०६ मध्येच साठ हजार पौंड बाजूला काढून स्वतःच्या कामगारांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले होते. ‘वुडब्रुक’ हे स्वतःचे राहते घर १९०३ मध्ये क्वेकरांच्या अभ्यासकेंद्राला देऊन टाकले. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी १९३१ मध्ये इंग्लंडला गेले असताना ते या वुडब्रुकमध्ये जाऊन आले होते.

जॉर्ज स्वतः पुढे नॉर्थफील्डच्या मॅनर हाऊसमध्ये राहायला गेला. तिथल्या आवारात त्याने एक मोठी पडवी बांधली आणि उन्हाळ्यात शहरातल्या कोंदट गल्ल्यांतली मुले हजारोंनी तिथे सहलीला येऊ लागली. उघड्यावरचा पोहण्याचा हौद होता. गल्लीतली पोरे त्यात उड्या मारत आणि पांढऱ्या दाढीचा म्हातारा काठावर उभा राहून बघे. जन्मात पहिल्यांदा गवतावर अनवाणी धावणारे पोर बघणे, ही त्याची चैन होती.

पहिले महायुद्ध या शांततावादी घराला जड गेले. कारखान्यातले कित्येक तरुण सैन्यात गेले, काही मुकाट्याने रुग्णवाहिका चालवायला गेले. युद्ध संपता संपता १९१८ मध्ये कामगारांच्या आणि व्यवस्थापनाच्या संयुक्त समित्या रीतसर स्थापन झाल्या. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. १९१९ मध्ये फ्राय कंपनी कॅडबरीत मिळाली. तोवर जॉर्ज ऐंशीचा झाला होता. २४ ऑक्टोबर १९२२ रोजी नॉर्थफील्डच्या घरी तो वारला. बोर्नव्हिलच्या मधोमध जे हिरवे पटांगण त्याने रिकामे ठेवायला लावले होते, तिथे हजारो माणसे जमली. कामगार होते, प्रौढशाळेतले म्हातारे विद्यार्थी होते, लग्न करून कारखाना सोडलेल्या बायका कडेवर पोर घेऊन आल्या असतील तर त्याही त्या गर्दीत असणार.

दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, गावाजवळच रोहीथ येथे कामगारांसाठी आणखी मोठी मैदाने आणि नवे पॅव्हिलियन खुले झाले. १९४८ मध्ये कंपनी मुंबईत आली. पुढे २०१० मध्ये ती अमेरिकी क्राफ्टने विकत घेतली आणि घराण्याचा उरलासुरला संबंधही इतिहासजमा झाला. घरांचा न्यास मात्र विकता येण्यासारखा नव्हता. तो कंपनीचा कधी नव्हताच.